तीन जातींचे हॉप्स मिसळून पेल एल: प्रमाण आणि घालण्याची वेळ कशी ठरवावी?

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहत असताना मी घरच्या घरी पेल एल ही फिकट बिअर करत असे. तिकडे १९६३ पासून घरगुती वापरापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात वीस लिटरचे पातेले चढवले तरी त्याचे कुणाला नवल वाटत नसे. बेळगावला परतल्यावर मात्र हा उद्योग घरी करता येत नाही, कारण कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या पिण्यापुरते का असेना. सुदैवाने माझे मावसभाऊ एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करतात. नव्या पाककृती आधी थोड्या प्रमाणात करून पाहता याव्यात म्हणून त्यांनी उद्यमबागेतील एका कारागिराकडून वीस लिटरचा स्टीलचा संच बनवून घेतला आहे आणि त्यावर पुढील खेप माझ्या पाककृतीने करू, असे दादांनी मालकांच्या संमतीने ठरवले आहे.

माल्टबद्दल, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याबद्दल, मला शंका नाही. साडेचार किलो पेल एल माल्ट, तीनशे ग्रॅम म्युनिक माल्ट, ६६ अंश सेल्सिअसला एक तास मॅश (माल्ट गरम पाण्यात मुरवणे), आंबवण्यापूर्वीची घनता १.०५० आणि यूएस-०५ हे सुके यीस्ट, असा साधा बेत आहे. अडचण हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांची, आहे. तिकडे मी केवळ कॅस्केड वापरत असे. या वेळी माझ्याकडे तीन पाकिटे आहेत: कॅस्केड (कडवटपणा देणारे अल्फा आम्ल ६ टक्के), सिट्रा (१२.५ टक्के) आणि सिमको (१३ टक्के). प्रत्येकीच्या दोन-तीन गोळ्या तळहातावर चोळून वास घेतला. कॅस्केडला पपनसाच्या सालीचा आणि थोडा फुलांचा वास येतो, सिट्रा म्हणजे पिकलेला आंबा आणि लिंबाची साल, तर सिमकोला चिरलेल्या ओल्या लाकडाचा आणि डिंकाचा उग्र वास आहे. तिन्ही स्वतंत्रपणे आवडले. एकत्र घातल्यावर त्यांचे काय होईल, हे मात्र कळत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. तिन्ही समप्रमाणात घ्यावेत की एकीला प्राधान्य द्यावे? तिन्ही एकत्र मिसळून ठेवून तेच मिश्रण प्रत्येक टप्प्यावर घालावे, की प्रत्येक जातीला तिची वेळ ठरवून द्यावी? आणि बेळगावच्या हवापाण्यामुळे इंग्लंडमधील हिशेबात काही फेरफार करावा लागेल काय? कडवटपणा साधारण ३५ आयबीयूच्या (हे कडवटपणा मोजण्याचे एकक) आसपास हवा आहे.

अथणीकर (सध्या बेंगळुरू)

शहापूरकर, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो. मी मूळचा अथणीचा. गेली काही वर्षे बेंगळुरूमध्ये ब्रुअर म्हणून काम करतो आणि मिश्र हॉप्सच्या बिअर आम्हाला सतत कराव्या लागतात.

समप्रमाण शक्यतो टाळावे. मिश्रणातील एक जात पुढे असली पाहिजे, दुसरीने तिला आधार द्यावा आणि तिसरी इतकीच असावी की ती आहे हे पिणाऱ्याला सांगावे लागेल, पण काढून टाकली तर काहीतरी कमी पडल्याचे त्याला आपोआप जाणवेल. तिन्ही सारख्या प्रमाणात घातल्यास बहुतेक वेळा ‘फळांचा वास’ एवढेच हाती लागते. कोणते फळ, हे सांगता येत नाही. कांदा-लसूण मसाल्यात सगळे जिन्नस समभाग घालून कुणी तो कुटत नाही, तसेच हे आहे. आपल्या तीन जातींमध्ये मी सिट्राला पुढे ठेवीन, कॅस्केडला आधारासाठी घेईन आणि सिमको हात आखडून वापरीन, कारण तिचा राळेसारखा वास थोडक्यातही पुरेसा ठरतो आणि अधिक झाल्यास आंब्याचा गोडवा दाबून टाकतो.

आता वेळेबद्दल. हॉप्समधील अल्फा आम्ले उकळीत रूपांतरित होतात तेव्हा कडवटपणा उतरतो, आणि त्यासाठी वेळ लागतो. सुगंधी तेलांचे याच्या अगदी उलट आहे: मर्सीनसारखी हलकी तेले वाफेबरोबर उडून जातात. तासभर उकळलेल्या सिट्राचा आंबा तुमच्या पेल्यात कधीच पोहोचणार नाही. तो तुमच्या बॉयलरच्या धुराड्यातून उद्यमबागेला मिळेल. म्हणून कडवटपणासाठी सिमको वापरावी. तिच्यातील कोह्युम्युलोन या अल्फा आम्लाचे प्रमाण कमी असते आणि तिचा कडवटपणा घशाला बोचत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. सिट्राला उकळीच्या पहिल्या तासात अजिबात हात लावू नये, कारण ती महागही आहे.

आच बंद केल्यावर वर्ट (माल्टचे अजून न आंबलेले गोड पाणी) ८० अंशांपर्यंत उतरू द्यावे आणि मग हॉप्स घालून वीस मिनिटे मुरू द्यावेत. ८० अंशांवर अल्फा आम्लांचे रूपांतर उकळीच्या तुलनेत साधारण सहाव्या हिश्श्याच्या वेगाने होते, त्यामुळे सुगंध भरपूर मिळतो आणि कडवटपणा हाताबाहेर जात नाही. या टप्प्यावर कॅस्केडला मोठा वाटा द्यावा, असे मी सुचवतो. कॅस्केडमध्ये जिरॅनिऑल नावाचा, गुलाबासारख्या वासाचा घटक असतो आणि आंबवण जोरात चालू असताना यीस्ट त्यातील काही भागाचे सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते, ज्याचा वास लिंबाकडे झुकतो. म्हणजे कॅस्केडचे काम यीस्टच्या हातून पूर्ण होते, आणि ते व्हायचे असेल तर ती यीस्टच्या आधी भांड्यात पोहोचलेली हवी. सिट्रा मात्र आंबवण संपता संपता ड्राय हॉपिंगसाठी, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये घालण्यासाठी, राखून ठेवावी.

कॅस्केड ही १९७२ साली अमेरिकी कृषी खात्याच्या ओरेगनमधील संशोधनातून बाहेर पडलेली जात असून तिच्या पूर्वजांत इंग्लंडची फगल आहे. अमेरिकी पेल एल म्हणून आज जी चव ओळखली जाते, ती बहुतांशी हिच्यावर उभी राहिली. त्यामुळे आपले इंग्लंडमधील हातवळण वाया जाणार नाही. फक्त पाकिटावरील पिकाचे वर्ष अवश्य पाहावे, कारण कॅस्केड साठवणुकीत लवकर उतरते आणि बाहेरच्या हवेत सहा महिन्यांत तिची अल्फा आम्ले निम्म्यावर येऊ शकतात. उघडलेल्या पाकिटाला चीजसारखा वास येत असेल, तर त्या हॉप्स सुगंधासाठी वापरू नयेत.

निपाणीकर

अथणीकरांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी ‘प्रत्येक जातीला तिची वेळ’ या नियमाला माझा थोडा आक्षेप आहे. हॉप्सचे तयार मिश्रण बाजारात विकले जाते, हे आपणा सर्वांना माहीत असेल; ‘जायथॉस’ आणि ‘फाल्कनर्स फ्लाइट’ ही त्यांतील परिचित नावे. ही मिश्रणे करण्यामागे एक व्यावहारिक विचार आहे. एखाद्या जातीचे पीक एका वर्षी आंब्याच्या वासाचे, तर दुसऱ्या वर्षी कांद्याच्या वासाचे निघू शकते, आणि अनेक जाती मिसळल्या की हा चढउतार एकमेकांत जिरतो. लहान संचावर काम करणाऱ्याला याचा दुसराही फायदा आहे: वजन एकदाच करायचे, एकाच डब्यातून काढायचे, आणि पुढील खेपेत केवळ एकूण प्रमाण बदलून परिणाम पाहायचा. तीन जाती, चार वेळा आणि प्रत्येकीचे वेगळे ग्रॅम असा तक्ता मांडल्यावर बिअर आवडली तरी नेमके कशामुळे आवडली, हे सांगता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: कडवटपणासाठी सिमको वेगळी ठेवा, तिथे अथणीकर बरोबर आहेत; पण आच बंद केल्यानंतरच्या दोन्ही टप्प्यांसाठी एकच मिश्रण करा आणि तेच दोन्हीकडे वापरा.

एक गोष्ट मात्र खेप लावण्याआधी करून पाहाच. बाजारातील साध्या, फिक्या लागर बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या आणाव्यात. लिटरमागे पाच ग्रॅम या हिशेबाने प्रत्येक बाटलीला सव्वातीन ग्रॅम गोळ्या लागतील. एकीत सिट्रा दोन भाग आणि कॅस्केड एक भाग, दुसरीत तिन्ही समभाग, तिसरीत सिट्रा तीन भाग, कॅस्केड एक आणि सिमको अर्धा भाग, असे वेगवेगळे प्रमाण घालून झाकण पुन्हा घट्ट बसवावे आणि एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावे. बाटली बर्फासारखी गार असल्याशिवाय झाकण काढू नये, थोडी बिअर आधी ओतून वर जागा करावी आणि गोळ्या एकेक करून सोडाव्यात, कारण गोळी पडताक्षणी तिच्याभोवती वायूचे बुडबुडे जमून फेस बाटलीच्या तोंडातून वर उसळतो. मूठभर गोळ्या एकदम टाकल्यास निम्मी बिअर ओट्यावर सांडलीच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून तिन्ही पेले शेजारी शेजारी ठेवावेत आणि कोणत्या पेल्यात काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला चाखायला द्यावेत. कागदावरच्या चर्चेपेक्षा या तीन बाटल्या अधिक सांगतील.

टिळकवाडीतील निवृत्त शिक्षक

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. बिअर मी घेत नाही, त्यामुळे आंबा पुढे असावा की पपनस, यावर मत देण्याचा मला अधिकार नाही. परंतु शहापूरकरांचा तिसरा प्रश्न हवापाण्याचा आहे आणि त्यावर दोन शब्द लिहिता येतील.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे पाणी १०० अंशांवर नव्हे तर ९७.५ अंशांच्या जवळपास उकळते. हा अडीच अंशांचा फरक चहाला जाणवत नाही, पण अल्फा आम्लांच्या रूपांतराचा वेग तापमानावर फार अवलंबून असल्याने तो येथे पंधरा ते वीस टक्क्यांनी मंदावतो. याचा अर्थ कडवटपणाही तेवढाच घटतो असा मात्र नव्हे. साठ मिनिटांच्या उकळीत रूपांतर बरेचसे पूर्ण होत आलेले असते, त्यामुळे तेथे तूट फक्त सहा टक्क्यांच्या आसपास पडते. दहा मिनिटे आधी घातलेल्या हॉप्सच्या बाबतीत ती पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. आणि ८० अंशांवर मुरवलेल्या हॉप्सना उंचीशी काही देणेघेणे नाही, कारण तेथील तापमान आपणच ठरवलेले असते.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. वीस लिटरमध्ये १३ टक्के अल्फा आम्लाची १५ ग्रॅम सिमको म्हणजे लिटरला साडेसत्त्याण्णव मिलिग्रॅम अल्फा आम्ल. १.०५० घनतेच्या वर्टमध्ये साठ मिनिटांच्या उकळीला टिनसेथच्या सूत्राने त्यातील सुमारे २३ टक्के उपयोगी पडते, म्हणजे साडेबावीस आयबीयू. शेवटच्या दहा मिनिटांसाठी २० ग्रॅम कॅस्केड घातल्यास त्यातून ५, आणि ८० अंशांवर २५ ग्रॅम सिट्रा व १५ ग्रॅम कॅस्केड वीस मिनिटे मुरवल्यास अंदाजे ६. एकूण साडेतेहतीस झाले. बेळगावच्या उंचीची वजावट केल्यास ते बत्तिसाच्या आत-बाहेर उतरतील. आपल्याला ३५ हवे असतील, तर सिमको १५ ऐवजी १७ ग्रॅम घ्यावी. बाकी काही बदलण्याची आवश्यकता नाही. सूत्रे अंदाजच देतात आणि दोन-तीन आयबीयूचा फरक जिभेला कळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

पाण्याचा विषय याहून महत्त्वाचा आहे. शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल या जलाशयांतून पाणी येते. घाटमाथ्यावरच्या पावसाचे हे पाणी सौम्य असते, आणि फिक्या, हॉप्सप्रधान बिअरसाठी ते उत्तम, कारण आपल्याला हवे ते क्षार आपण मोजून घालू शकतो. बोअरवेलचे पाणी घ्यायचे असल्यास त्याची प्रयोगशाळेत तपासणी केल्यावाचून ते वापरू नये. दोन गल्ल्यांतील बोअरवेलचा जडपणा सारखा नसतो. नळाच्या पंचवीस लिटर पाण्यात पाच ग्रॅम जिप्सम आणि तीन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातल्यास लिटरला सुमारे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम, ११२ मिलिग्रॅम सल्फेट आणि ५८ मिलिग्रॅम क्लोराइडची भर पडते. सल्फेट क्लोराइडच्या दुप्पट असले की हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. दोन्ही क्षार खाद्य प्रतीचेच असावेत. मूर्ती करणाऱ्यांकडील प्लास्टर चालणार नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावा, अन्यथा माल्ट आणि यीस्टमधील घटकांशी त्याचा संयोग होऊन आयोडेक्ससारखा औषधी वास येतो, आणि असा वास सिट्रा कितीही घातली तरी झाकला जात नाही. पंचवीस लिटरला ०.१५ ते ०.२ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरेसे होते. मोजण्यासाठी सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागेल.

हल्याळकर

चर्चा वाचताना दोन शंका आल्या, विषयाला सोडून वाटल्यास क्षमस्व. आमच्या गावाजवळ थोडी जमीन आहे; तिथे हॉप्सचे वेल लावता येतील काय? आणि परवान्याची अडचण असल्याने घरी करता येईल असे, हॉप्सच्या वासाचे पण मद्य नसलेले काही पेय आहे काय?

अथणीकर (सध्या बेंगळुरू)

हल्याळकर, वेल जगेल, पण पीक मिळेल असे वाटत नाही. हॉप्सला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. आपल्याकडे वर्षातील सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपासच असतो. भारतात हिमाचलमधील लाहौल खोऱ्यात हॉप्सची लागवड झालेली आहे, ती तेथील उंची आणि थंडीमुळेच.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र होकारार्थी आहे. पाणी उकळून ७५ अंशांपर्यंत निवू द्यावे, त्यात लिटरला एक ग्रॅम सिट्रा किंवा कॅस्केड घालून पंधरा मिनिटे मुरवावे, गाळून लिंबाचा रस पिळावा आणि थंड करून सोडा मशीनवर वायू भरावा. साखर आणि यीस्ट काहीही घालायचे नाही, त्यामुळे मद्य तयार होत नाही. लिंबू आवडीपुरते नसून आवश्यक आहे: आम्लता वाढल्याने हॉप्सचा तुरटपणा आटोक्यात राहतो. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. हॉप्सच्या जाती ओळखायला शिकण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. मिश्रणाचा अंदाजही यावरून बांधता येतो.

निपाणीकरांच्या आक्षेपाबद्दल थोडेसे. चढउतार जिरवण्यासाठी मिश्रण करणे हे मोठ्या उत्पादकाच्या सोयीचे आहे, यात दुमत नाही. पण वीस लिटरच्या संचावर एकाच पाकिटातील माल वापरला जाणार असताना जिरवायला चढउतारच कुठे आहे? उलट दोन टप्प्यांना एकच मिश्रण वापरल्यास सिट्राचा बराच भाग ८० अंशांच्या वर्टमध्ये जातो आणि आंबवण जोरात असताना बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर तिच्या सुगंधाचा मोठा हिस्सा निघून जातो. बाटल्यांच्या चाचणीची सूचना मात्र मला अतिशय आवडली. फक्त एक लक्षात ठेवावे की ती चाचणी ड्राय हॉपिंगचेच उत्तर देते. यीस्टच्या हातून होणारा बदल त्या बाटलीत दिसणार नाही.

निपाणीकर

तुमचा मुद्दा समजला, तरी मत बदलले नाही. पहिल्या खेपेला कमी गोष्टी बदलाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे. शहापूरकरांनी स्वतः ठरवावे.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, आपण उंचीचा हिशेब मांडून दाखवला, त्याबद्दल विशेष ऋणी आहे. अडीच अंशांचा परिणाम शेवटच्या हॉप्सवर अधिक होतो, ही बाब आम्हा दोघा भावांच्याही लक्षात आली नव्हती.

निपाणीकरांच्या बाटल्या करून पाहिल्या. कोणत्या पेल्यात काय आहे हे माहीत नसलेल्या चौघांना दिल्या. त्यांतील तिघांनी तिसरा पेला, म्हणजे सिट्रा तीन, कॅस्केड एक आणि सिमको अर्धा भाग, हा पहिला ठरवला. समभागाचा पेला कुणालाच वाईट वाटला नाही, पण त्याचे वर्णन करताना प्रत्येक जण अडखळला. एकाने तर ‘बागेचा वास’ असे म्हणून विषय संपवला.

त्यावरून बेत असा ठरला आहे: साठ मिनिटांसाठी सिमको १७ ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांसाठी कॅस्केड २० ग्रॅम, ८० अंशांवर सिट्रा २५ आणि कॅस्केड १५ ग्रॅम, आणि ड्राय हॉपिंगसाठी एकूण १०० ग्रॅम, त्यात सिट्रा ६६, कॅस्केड २३ व सिमको ११. म्हणजे वेळेबाबत अथणीकरांचे ऐकले आणि प्रमाणाबाबत निपाणीकरांच्या बाटलीचे.

आता उरलेले दोन प्रश्न. संचाला शीतकरणाची सोय नाही आणि खेप पावसाळ्यात लागणार आहे. भांड्याला ओले गोणपाट गुंडाळल्यास तापमान वीस अंशांवर राहील काय? आणि शंभर ग्रॅम हॉप्स किती दिवस ठेवावेत? बिअर बाटल्यांत साखर घालून फसफसवण्याचा विचार आहे.

टिळकवाडीतील निवृत्त शिक्षक

गोणपाटाचा उपयोग मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चांगला होतो. पावसाळ्यात हवा आधीच ओलाव्याने भरलेली असल्याने गोणपाटातील पाण्याचे बाष्पीभवन होत नाही, आणि बाष्पीभवन नाही तर थंडावा नाही; फक्त गोणपाटाला बुरशी लागेल, जी बिअरच्या खोलीत नको. त्याऐवजी भांडे निम्म्यापर्यंत पाण्याच्या टबात ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या टाकाव्यात. पावसाळ्यात बेळगावची हवा मुळातच बावीस-चोवीस अंशांच्या घरात असते, त्यामुळे काम अवघड नाही. आंबवण स्वतः उष्णता निर्माण करते व पहिल्या दोन-तीन दिवसांत भांड्यातील तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश वर जाऊ शकते, म्हणून तापमापी भिंतीवर न लावता भांड्यालाच चिकटवावी.

अथणीकर (सध्या बेंगळुरू)

लिटरमागे पाच ग्रॅम हे प्रमाण योग्य आहे. आठ ग्रॅमच्या पुढे गेल्यास फळांचा वास फारसा वाढत नाही. वाढतो तो चहाच्या पानांसारखा तुरटपणा. अवधीही फार नको: दोन ते तीन दिवसांत गोळ्यांतून जे यायचे ते आलेले असते, त्यानंतर भांडे थंड करून गोळ्या तळाशी बसू द्याव्यात.

बाटल्यांबाबत मात्र सावध राहावे. हॉप्समध्ये अशी विकरे (एन्झाइम) असतात की जी यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या शर्करा तोडून पचण्याजोग्या करतात, आणि संपलेली आंबवण ड्राय हॉपिंगनंतर पुन्हा हळूहळू सुरू होते. घनता १.०१२ वर थांबली असे समजून कुणी लगेच साखर घालून बाटल्या भरल्या, तर ती पुढे १.००९ पर्यंत उतरून बाटल्यांतील दाब धोकादायक होऊ शकतो. म्हणून हॉप्स घातल्यानंतर घनता रोज मोजावी आणि ती सलग तीन दिवस हलली नाही तरच पुढे जावे. या दुसऱ्या आंबवणीत लोण्यासारखा वास येण्याची शक्यता असते. तो तपासण्यासाठी पेलाभर बिअर झाकून ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवावी, मग निववून हुंगावी. लोणी जाणवले तर भांडे आणखी दोन-तीन दिवस वीस अंशांवर यीस्टसह राहू द्यावे.

साखर लिटरला सहा ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला १२० ग्रॅम, पाण्यात उकळून निववून घालावी. आपल्या भागात गूळ घालण्याचा मोह होतो, पण त्यात आर्द्रता कमी-जास्त असल्याने दाबाचा हिशेब चुकतो आणि त्याचा रंग व वास सिट्रावर चढतो. बाटल्या भरताना नळी तळापर्यंत सोडावी आणि बिअर उंचावरून पडू देऊ नये, कारण हॉप्सप्रधान बिअरला हवेतील प्राणवायू सर्वांत लवकर बाधतो. दादांकडे केग (बिअर साठवण्याचे धातूचे पिंप) आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल, तर बाटल्यांच्या फंदात न पडता सरळ केगमध्येच भरावी.

शहापूरकर (बेळगाव)

केग आहे, आणि दादांचाही कल तिकडेच आहे. घनतेच्या रोजच्या नोंदी ठेवीन आणि खेप तयार झाल्यावर त्या इथे मांडीन. निपाणीकर, पुढील खेप तुमच्या पद्धतीने, दोन्ही टप्प्यांना एकच मिश्रण घालून करण्याचे दादांनी मान्य केले आहे. त्यासाठी सिट्रा आणि कॅस्केडचे न उघडलेले एकेक पाकीट फ्रीजरमध्ये राखून ठेवले आहे.